वाचकांचे प्रश्न : शिलाई मशीन देण्याआधी

गेल्या अंकात दिल्लीतील निर्वासित तरुणींच्या रोजगाराविषयी एक छोटे टिपण या सदरात आले होते. प्रशिक्षणवर्गांची प्रमाणपत्रे घरोघरी साठत जातात, पण त्यांच्या जोरावर महिन्याचे घरभाडे निघाले असे घर एखादेच सापडते, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. लांब पत्रे आटोपशीर केली आहेत, आणि त्यांत ज्या मुलींचा उल्लेख आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न (उल्हासनगर) : माझी आजी फाळणीनंतर सिंधमधून कल्याण कॅम्पात आली आणि पापड लाटून तिने चार मुले वाढवली. तिच्या आठवणीसाठी आमच्या महिला मंडळाने दिल्लीतील निर्वासित तरुणींना पंचवीस शिलाई मशिने देण्याचे ठरवले आहे. पैसे जमले आहेत. मशिने कोणाकडे पोचवावीत?

उत्तर : पैसे जमले हे उत्तम झाले, मशिने अजून घेतलेली नाहीत हे त्याहून उत्तम झाले. दिल्लीत अशा तरुणींच्या एका लहान केंद्रात मी काही वर्षे काम केले आहे, आणि त्या काळात देणगी म्हणून आलेल्या मशिनांपैकी किती तरी पलंगाखाली गुंडाळून ठेवलेली किंवा भाडे थकल्यावर विकून टाकलेली मी पाहिली आहेत. त्यात त्या मुलींचा दोष नव्हता. भोगल, हौज रानी किंवा खिडकी एक्स्टेन्शन या भागांत अफगाण कुटुंबे राहतात, विकासपुरी आणि उत्तमनगरकडे म्यानमारमधून आलेली चिन जमातीची कुटुंबे राहतात, आणि यमुनेकाठच्या कालिंदी कुंज व मदनपूर खादर भागात रोहिंग्यांच्या झोपड्या आहेत. यांतल्या कोणत्याही खोलीत पायाचे मशीन मांडले की रात्री दोघांच्या अंथरुणाची जागा जाते. विजेचे मीटर घरमालकाच्या हाती असते आणि युनिटचा दर तोच ठरवतो. शिवाय ज्या गल्लीत आधीच चार शिंपी बसलेले आहेत, तिथे हिंदी अडखळत बोलणाऱ्या नवख्या मुलीकडे ब्लाउज टाकायला कोण येणार, हा प्रश्न मशीन देणाऱ्याने सहसा स्वतःला विचारलेला नसतो.

मग सगळ्या संस्थांना शिवणकामच का सुचते? माझे मत थोडे कडू आहे. मशीन छायाचित्रात चांगले दिसते. पाळणाघराचे भाडे, वकिलाची फी किंवा बसचे पैसे छायाचित्रात दिसत नाहीत.

तुमच्या आजीची गोष्ट मात्र नीट वाचली पाहिजे, कारण तिच्यातच उत्तर आहे. पापड लाटण्याची कला तिने सिंधहून आणली होती, पण केवळ त्या कलेने चार मुले वाढली नाहीत. तिला इथे या देशाचे नागरिकत्व मिळाले, त्यामुळे तिचे रेशनकार्ड झाले, मुलांची नावे शाळेत घातली गेली, आणि पुढेमागे कर्ज काढायला किंवा गाळा घ्यायला कोणाची आडकाठी नव्हती. १९४९ मध्ये ज्याचे नाव उल्हासनगर झाले तो कॅम्प मुंबईच्या लोकलला जोडलेला होता. सकाळी लाटलेला आणि वाळवलेला माल दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बाजारात जाऊ शकत होता आणि तो विकायला घरातली माणसे होती. केंद्राच्या पुनर्वसन मंत्रालयात त्या काळी निर्वासित स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि त्याची धुरा रामेश्वरी नेहरू यांनी मानद संचालक म्हणून सांभाळली होती. म्हणजे पापडाच्या मागे नागरिकत्व होते, रेल्वे होती, सरकार होते आणि गिऱ्हाईक होते.

आज दिल्लीत असलेल्या अफगाण किंवा रोहिंग्या तरुणीकडे यांतले काय आहे, हे पाहा. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्तालय दिल्लीतून त्यांची नोंदणी करते आणि त्यांना कार्ड देते. पण त्या कार्डावर बहुतेकींना आधार मिळत नाही, आधार नाही म्हणून बँकेत खाते नाही, खाते नाही म्हणून पगार रोखीने, आणि रोखीचा पगार म्हणजे बुडवायला सोपा पगार. आमच्या केंद्रातील एका मुलीने एका कारखानदारासाठी तीन महिने नगावर मजुरीने मणी टाचले आणि शेवटच्या महिन्याचे पैसे मागितल्यावर तिला 'पोलिसांना बोलावू का' एवढेच ऐकवण्यात आले. तिला मशीन देऊन काय झाले असते? तिला हवी होती ती तिच्या बाजूने त्या दारात उभी राहणारी दुसरी बाई.

केवळ कागदी परवान्यानेही काम भागत नाही, हे जॉर्डनने दाखवून दिले आहे. २०१६ मध्ये युरोपशी झालेल्या समझोत्यानुसार जॉर्डनने सीरियातून आलेल्या निर्वासितांना दोन लाख कामाचे परवाने देण्याचे मान्य केले. त्यामागे कल्पना अशी होती की औद्योगिक वसाहतींतील कपड्यांच्या कारखान्यांत त्यांना रोजगार मिळेल आणि तो माल युरोपात सवलतीच्या दराने जाईल. परवाने निघाले, परंतु पहिल्या काही वर्षांत त्यांत स्त्रियांचा वाटा शंभरात जेमतेम पाचच्या आसपास राहिला. कारखाने दूर होते, बसमध्ये दोन-दोन तास जात होते, लहान मुलांना ठेवायला जागा नव्हती आणि परकीय कामगाराचे किमान वेतन स्थानिकापेक्षा कमी होते. ज्या कामासाठी बाहेर पडायचे त्याच्या पगारातून पाळणाघर आणि प्रवास वजा केला की हाती काहीच उरत नाही, हा हिशेब त्या बायकांनी घरबसल्या केला आणि त्या गेल्या नाहीत. नंतर घरगुती उद्योगांना परवाने देण्याची वाट थोडी मोकळी करावी लागली. मला यात त्या बायकांचा आळस दिसत नाही, त्यांचे गणित पक्के असल्याचे दिसते.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की पंचवीस मशिनांऐवजी, निर्वासित स्त्रियांसोबत आधीच काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला गाठावे आणि तिथल्या मुलींनाच विचारावे की तुमचा दिवस कसा जातो, त्यातले किती तास तुमचे स्वतःचे असतात आणि त्या तासांत तुम्हांला काय करायला आवडेल. उत्तरे अनपेक्षित येतात. कंदाहारकडच्या स्त्रिया 'खामक' नावाचे इतके बारीक भरतकाम करतात की कापडाची उलट बाजू शोधावी लागते. अशा हातांना सरळ टिपेचे मशीन देणे म्हणजे सोनाराला घण देणे होय. दारी किंवा पश्तू या अफगाण भाषा येणाऱ्या कित्येक तरुणी दिल्लीत उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी रुग्णांसोबत दुभाषी म्हणून काम करू शकतात, आणि स्त्रीरोग विभागात तर स्त्री दुभाषी मिळणे रुग्णालाही हवे असते. कोणाला स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतात. कोणाला आधी हिंदी वाचायला शिकायचे असते, कारण बसवरची पाटी वाचता येत नसल्याने ती घराबाहेर पडत नाही.

शिवणकामच हवे असे पाच-सात जणींनी सांगितले, तर सामाईक जागेत चार चांगली मशिने ठेवावीत, शेजारच्या खोलीत पाळणाघर चालवावे, शिकण्याच्या महिन्यांत विद्यावेतन द्यावे, आणि तयार माल तुमचे मंडळ वर्षभर किती घेणार हे आधीच लिहून द्यावे. उरलेली रक्कम खेळते भांडवल म्हणून ठेवता येईल. तुमच्या मंडळातील बचत गट चालवणाऱ्या बायका इथे फार उपयोगी पडतील. आपला बचत गट बँकेशी जोडलेला असतो, पण बँकेवाचूनही गट चालतो. १९९१ मध्ये आफ्रिकेतील नायजरमध्ये 'केअर' या संस्थेने सुरू केलेल्या पद्धतीत सगळी बचत एका लोखंडी पेटीत राहते, पेटीला तीन कुलुपे असतात, तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे असतात आणि पेटी सर्वांसमक्षच उघडते. वर्षाअखेरीस व्याजासह वाटप होते आणि नवे वर्ष सुरू होते. युगांडातील निर्वासित वस्त्यांमध्ये असे गट आज सर्रास दिसतात. आपल्याकडच्या भिशीची ही शिस्तीत वाढलेली बहीणच म्हणायची, आणि खाते नसलेल्या मुलीसाठी ती मशिनापेक्षा अधिक कामाची आहे.

प्रश्न (पुणे) : आमच्या वरच्या खोलीत काबूलची एक विद्यार्थिनी तीन वर्षांपासून भाड्याने राहते. पुढल्या जूनमध्ये तिचे पदव्युत्तर शिक्षण संपेल. परत जायची तिला भीती वाटते. अलीकडे ती जेवत नाही, रात्रभर दिवा चालू असतो. माझ्या भावाचे दुकान आहे. तिथे तिला हिशेबाच्या कामावर लावून दिले तर तिचे मन रमेल आणि चार पैसेही मिळतील असे वाटते. हे योग्य होईल का?

उत्तर : हेतू चांगला आहे, पण हे करू नका. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला नोकरी करता येत नाही. उघडकीस आले तर तुमच्या भावाला त्रास होईल हे खरे, पण तिचा व्हिसाच अडचणीत येईल, आणि आज तिच्याजवळ तेवढे एकच भक्कम कागदपत्र आहे. तुमच्या घरी ती राहते याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला आणि पोलिसांना रीतसर दिलेली आहे ना, हेही एकदा पाहून घ्या. घरमालकाची ती जबाबदारी असते आणि त्यातली चूक शेवटी भाडेकरूलाच भोवते.

पुण्यात अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षे येत आहेत, त्यांतले पुष्कळसे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर त्यांच्यापैकी मुलींची परिस्थिती मुलांपेक्षा फार वेगळी झाली. सप्टेंबर २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शाळा बंद राहिल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारे त्यांना बंद झाली, आणि त्याच महिन्यात बिगरसरकारी संस्थांमधील स्त्रियांच्या नोकऱ्यांवरही बंदी आली. पुण्यातून पदवी घेऊन गेलेल्या मुलीला तिथे ती पदवी वापरायला जागाच उरलेली नाही. म्हणून तिची भीती 'मनाचा खेळ' समजू नका. तिने परिस्थिती बरोबर ओळखली आहे.

निर्वासित ठरण्यासाठी पळूनच यावे लागते, असे नाही. शिक्षणासाठी रीतसर आलेली व्यक्तीदेखील मागे मायदेशातील परिस्थिती पालटल्यामुळे आश्रय मागू शकते. तिच्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा आहेत. व्हिसाची मुदत संपण्याच्या पुरेशी आधी पुढल्या अभ्यासक्रमाला किंवा पीएच.डी.ला प्रवेश घेणे, ही सर्वांत सरळ वाट. तिसऱ्या देशातील शिष्यवृत्ती किंवा विद्यापीठप्रवेश ही दुसरी. तिला वेळ फार लागतो, म्हणून अर्ज आजच सुरू करायला हवेत. दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाकडे नोंदणी करणे ही तिसरी. तिथली नोंदणी, मुलाखत आणि कार्ड यांसाठी एक रुपयाही लागत नाही, तेव्हा 'काम करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. परंतु हे पाऊल टाकण्याआधी निर्वासितांची प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे, कारण एका वाटेवर टाकलेले पाऊल दुसरी वाट अवघड करू शकते. पारपत्राचे नूतनीकरण हे त्याचेच उदाहरण आहे. ज्या सरकारची भीती वाटते म्हणून आश्रय मागायचा, त्याच सरकारच्या कचेरीत पारपत्रासाठी गेल्यास पुढे मुलाखतीत त्याबद्दल प्रश्न येऊ शकतो. हे मुलींना कोणी सांगत नाही आणि त्या भाबडेपणाने जाऊन येतात.

तोवर तुम्ही काय करावे? तिची गुणपत्रके, पदवी, विद्यापीठाचे शिफारसपत्र, भाडेकरार, शिष्यवृत्तीची पत्रे या सगळ्यांच्या प्रती काढून एक फाइल लावायला तिच्यासोबत बसा. हे काम रूक्ष वाटते, पण बेवारस वाटणाऱ्या दिवसांत हाताला काही ठोस लागल्यासारखे होते. तिला रोज 'पुढे काय ठरवलंस' असे विचारू नका. घरून येणारे फोन हा तिच्या जागरणाचा मोठा भाग असण्याची शक्यता आहे. घरच्यांना वाटते, मुलगी परदेशात आहे म्हणजे कमावत असेल, आणि ती शिष्यवृत्तीतले पैसे वाचवून पाठवत असते, म्हणून जेवत नसते. हे एखाद्या वेळी सहज, तिचा मान राखून विचारून पाहा. संध्याकाळचे एक जेवण तुमच्या घरी, रोजचे, निमंत्रणाविना ठरलेले असे होऊ शकले, तर तिच्या प्रकृतीत फरक पडेल. ती जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलली, वस्तू वाटून टाकू लागली किंवा अभ्यास अचानक सोडून दिला, तर थांबू नका. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो, आणि तिथे हिंदीत बोलता येते. चित्रपट आणि मालिका यांमुळे बऱ्याच अफगाण मुलींची हिंदी तुमच्या-माझ्यापेक्षा सफाईदार असते.

प्रश्न (फोंडा, गोवा) : मी समाजकार्याची पदवी नुकतीच घेतली असून तीन महिने दिल्लीत निर्वासित तरुणींना समुपदेशन करण्यासाठी जाणार आहे. त्यांच्या मनात दडलेल्या घटना बाहेर काढल्याशिवाय त्या सावरणार नाहीत असे मला वाटते. त्यांना बोलते कसे करावे?

उत्तर : बोलते करू नये. एवढे तुटक उत्तर दिल्याबद्दल क्षमस्व, पण हा गैरसमज फार पसरलेला आहे. घडलेला प्रसंग एका बैठकीत खोदून काढायला लावल्याने माणूस सावरत नाही, उलट काहींची अवस्था बिघडते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अशी पद्धत वापरू नये असे स्पष्ट सुचवले आहे. संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेचा गाभा तीन क्रियांत मावतो: समोर काय आहे ते पाहा, ती जे सांगेल ते ऐका, आणि गरजेप्रमाणे तिला योग्य जागी जोडून द्या. यात 'विचारून काढा' कुठेही नाही. शिवाय या मुलींनी आपली कहाणी नोंदणीच्या वेळी, मुलाखतीत, वकिलाकडे, एखाद्या वार्ताहरापुढे अशी अनेकदा सांगितलेली असते. तुम्ही पाचव्या किंवा सहाव्या असाल.

त्यांचे दुःख मागल्या घटनेत जेवढे असते, तेवढेच आजच्या दिवसातही असते. घरमालक खोली खाली करायला सांगतो, कार्डाची मुदत संपत आलेली असते, धाकट्या बहिणीला शाळेत घेत नाहीत, आणि सगळ्या घराचे कान एका फोनकडे लागलेले असतात, तो म्हणजे तिसऱ्या देशात पुनर्वसनासाठी निवड झाल्याचा फोन. जगभरातील निर्वासितांपैकी एका वर्षात एक टक्क्याहूनही कमी लोकांना असे पुनर्वसन मिळते. हे गणित घरात कोणी मोठ्याने बोलत नाही; मात्र मुलीने हिंदी शिकावी की न शिकावी, लग्न करावे की थांबावे, हे सगळे त्या फोनवर टांगलेले असते. एका मुलीने मला सांगितले होते की चार वर्षे तिने चादरीसुद्धा नव्या घेतल्या नाहीत, कारण जायचेच आहे. इथे समुपदेशकाने भूतकाळाकडे वळण्यापेक्षा, या थांबलेल्या काळात तिला एखादा निर्णय स्वतःचा म्हणून घेता येतो का, हे पाहणे अधिक मोलाचे आहे.

आता तुमच्या गोव्याबद्दल. तुम्ही जिथे शिकलात तिथूनच या क्षेत्राला एक मोठा धडा मिळालेला आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'संगत' या संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत काम करायला लावले, आणि ही पद्धत गुणकारी ठरल्याचे २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या भेटींत भर होता तो रोजच्या दिनक्रमात लहान लहान, मनाला उभारी देणाऱ्या कृती परत आणण्यावर. युगांडातील ऱ्हायनो कॅम्प वस्तीत दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासित स्त्रियांसाठी याच विचाराशी नाते सांगणारा आणखी साधा उपक्रम तपासला गेला. वीस-तीस बायकांचा गट, पाच बैठका, ध्वनिमुद्रित मार्गदर्शन, सोबत चित्रांची पुस्तिका, आणि बैठक चालवणारी व्यक्ती त्याच समाजातली, थोडे प्रशिक्षण घेतलेली. तीन महिन्यांनंतर त्या स्त्रियांचा मानसिक ताण इतरांच्या तुलनेत कमी झालेला आढळला. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्याआड एकेकीला बोलावण्याची लाज त्यात नव्हती, हे मला त्याच्या यशाचे एक कारण वाटते. 'समुपदेशनाला जाते' म्हटले की सासू विचारते, तुला वेड लागले आहे का. 'बैठकीला जाते' म्हटले की विचारत नाही.

म्हणून तुमचे तीन महिने असे खर्च करा. त्या समाजातील दोन-तीन तरुणी निवडा, त्यांना ऐकण्याचे आणि गट चालवण्याचे शिक्षण द्या, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळेल अशी व्यवस्था संस्थेकडून करून घ्या. 'स्वयंसेविका' हा शब्द गरीब मुलीच्या बाबतीत फार सोयीस्करपणे वापरला जातो. तुम्ही परत गोव्याला याल तेव्हा त्या तिथेच असतील, हा मुख्य फायदा. आणि एक पथ्य: दुभाषी म्हणून नवरा, सासू किंवा स्वतःचे मूल कधीही बसवू नये. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल आई बोलत असताना तिच्या आठ वर्षांच्या मुलाला हिंदीत भाषांतर करायला लावलेले मी पाहिले आहे. त्या खोलीत मीही होते आणि मी ते थांबवायला उशीर केला.

प्रश्न (नागपूर) : आमच्या विदर्भातल्या मुली पदव्या घेऊन घरी बसल्या आहेत. परदेशातून आलेल्यांच्या रोजगाराची काळजी आपण का वाहावी?

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि तो रागाने विचारला असला तरी मी रागाने उत्तर देणार नाही. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताचा हक्क 'नागरिका'पुरता नाही, तो प्रत्येक 'व्यक्ती'चा आहे, आणि अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. पण तुमचा मुद्दा कायद्याचा नाही, पोटाचा आहे, म्हणून पोटाचेच बोलू.

दिवाळीनंतर नागपुरात तिबेटी बायकांची स्वेटरची दुकाने लागतात, ती तुम्ही पाहिली असतील, कदाचित तिथून खरेदीही केली असेल. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. तिबेटी विक्रेते लुधियानाच्या कारखानदारांकडून माल घेतात, तोही बराचसा उधारीवर, आणि हंगाम संपल्यावर पैसे चुकते करतात. ही उधारी पिढ्यान्‌पिढ्यांच्या शब्दावर चालत आली आहे. त्या दुकानांमुळे नागपूरच्या कोणत्या मुलीची नोकरी गेली? जागेचे भाडे नागपुरात राहिले, हमाली नागपुरात राहिली, लुधियानाच्या कामगारांना काम मिळाले. तिबेटींना हे जमले, कारण सरकारने त्यांना जमीन, नोंदणीपत्र आणि शाळा दिल्या. १९५९ मध्येच दार्जिलिंगला सुरू झालेल्या तिबेटी स्वयंसाहाय्यता केंद्रात स्त्रिया गालिचे विणून मिळवू लागल्या होत्या. एका देशात एकाच वेळी निर्वासित स्त्रियांचे, कागद असलेल्या आणि कागद नसलेल्या, असे दोन वर्ग आहेत, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते.

तुमच्या प्रश्नातला एक भाग मात्र मी पूर्ण मान्य करते. ज्या बाईकडे कागद नाहीत ती कमी मजुरीवर काम करायला तयार होते, आणि तिच्यामुळे शेजारच्या भारतीय बाईचीही मजुरी पडते. दिल्लीत लसूण सोलण्यापासून मणी टाचण्यापर्यंत हे घडते. त्यावर उपाय पहिलीला हाकलणे हा नाही, कारण मग दर पाडायला मालक तिसरी शोधतो. दोघींना एकाच दराने आणि वेळेवर पैसे मिळतील हे पाहणे, हा उपाय आहे. २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याची आणि देशात फिरण्याची मुभा देणाऱ्या युगांडाने यात एक शहाणपण दाखवले: निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतील सुमारे तीस टक्के भाग आसपासच्या स्थानिक लोकांसाठी खर्च व्हावा, असे तत्त्व ठेवले. शाळा बांधली तर ती दोघांची. आपल्याकडे एखादा प्रशिक्षणवर्ग निघाला तर त्यात निम्म्या जागा त्याच वस्तीतील भारतीय मुलींसाठी ठेवाव्यात असा माझा आग्रह असे. त्यामुळे भांडणे कमी होत, आणि हिंदी फुकट शिकायला मिळे.

प्रश्न (कोल्हापूर) : वळिवड्याच्या पोलिश छावणीच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. परवा दिल्लीहून अफगाण स्त्रियांनी बनवलेली कापडी बाहुली विकत आणली. यजमान म्हणाले, ही खरेदी नव्हे, दान आहे. खरे काय?

उत्तर : बाहुली आवडली म्हणून घेतली असेल तर खरेदी. कीव आली म्हणून घेतली असेल, तर पुढल्या वेळी घेणार नाही, आणि बनवणारीला खरा फटका तिथे बसतो. दिल्लीतील 'सिलाईवाली' हा उपक्रम कापड कारखान्यांतील उरल्यासुरल्या तुकड्यांपासून अफगाण स्त्रियांकडून बाहुल्या करून घेतो, आणि निर्वासित कारागिरांच्या वस्तूंसाठी संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाने उभारलेल्या 'मेड फिफ्टीवन' या जागतिक प्रकल्पाशी तो जोडलेला आहे. अशा ठिकाणी चिंध्यांचा बाजार मांडलेला नसतो. टाका सुटलेली बाहुली परत केली जाते, आणि ती परत केली जाते म्हणूनच बनवणारीला कारागीर म्हणून मान मिळतो. विकत घेताना एवढेच विचारावे की एका नगामागे बनवणारीला किती मिळतात. सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरे दुकान पाहावे. दिवाळीला भेटी देण्यासाठी पाचशे नगांची ऑर्डर देऊन वर्षभर गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा, दर महिन्याला दहा नग घेणारे दुकानदार या बायकांना अधिक परवडतात.

वळिवड्याबद्दल एक आठवण द्यावीशी वाटते. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले; सैबेरियातून सुटून इराणमार्गे ती आली होती. ती गेल्यावर त्याच जागी सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली, आणि आज तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जाता ते हेच.

प्रश्न (सातारा) : घरात चांगल्या स्थितीतले बरेच जुने कपडे आणि साड्या आहेत. दिल्लीतील निर्वासित मुलींसाठी पाठवाव्यात का?

उत्तर : नको. पाठवण्याच्या खर्चात नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड आणि दोन महिन्यांचा मोबाइल रिचार्ज येतो, आणि या तीन गोष्टी कोणी पाठवत नाही. तेवढे पैसेच संस्थेला द्यावेत. साड्या तर नकोतच. अफगाण, चिन किंवा रोहिंग्या मुलींपैकी साडी नेसणारी मला तरी तिथे कोणी भेटली नाही, आणि आमच्या केंद्राचे एक कपाट अशाच साड्यांनी भरलेले होते. शेवटी पाळणाघरातल्या मुलांसाठी त्यांची गोधडी शिवून घेतली.